गोव्यात समुपदेशकाची पाटी लावण्याआधी: नोंदणी, संमतीपत्र, गुपित आणि कायदा

फोंड्यात खोली भाड्यानं घेतली तेव्हा माझी पहिली गाठ पडली पाटी रंगवणाऱ्याशी. त्यानं माझं नाव घातलं, खाली 'समुपदेशक' घातलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "आनीक कितें बरोवप, बाय? सुवात उरल्या." जागा उरली होती खरी. त्याच्या मते तिथे 'मानसोपचारतज्ज्ञ' शोभून दिसलं असतं, आणि पैसेही तेवढेच पडले असते.

त्या वीतभर जागेत काय लिहिता येतं आणि काय नाही, याचं उत्तर एका कायद्यात सापडत नाही. वकिली करायची तर बार कौन्सिल, फार्मासिस्ट व्हायचं तर फार्मसी कौन्सिल. 'समुपदेशक' या शब्दाला मात्र अजून असं एकच दार नाही. तीन-चार कायदे वेगवेगळ्या बाजूंनी त्याला शिवतात आणि मध्ये फटी राहतात. एम.ए. किंवा डिप्लोमा हातात घेऊन फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव असं कुठेतरी काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी ज्या क्रमानं ठेचा खाल्ल्या, त्याच क्रमानं लिहिते.

आधी आपण कोण, ते ठरवा

आपल्या वर्तमानपत्रांत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तीन शब्द एकाच बातमीत एकाच माणसाला लावलेले दिसतात. कायदा तसं करू देत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एमबीबीएस डॉक्टर, मग मनोविकारशास्त्रातला पदव्युत्तर. त्याची नोंद मेडिकल कौन्सिलमध्ये असते आणि गोळ्या लिहिण्याचा अधिकार त्याचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट दिली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं मान्यताप्राप्त एम.फिल. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल' हा शब्द लावता येत नाही, मग एम.ए.च्या गुणपत्रिकेत 'क्लिनिकल' नावाचे चार पेपर का असेनात. आरसीआयचा कायदा १९९२ चा. रजिस्टरमध्ये नाव नसताना तिथल्या मान्यताप्राप्त व्यवसायाचं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्याचं १३ वं कलम सांगतं. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, कैदेचा वाचून थांबतं.

तुम्ही या दोन्हींत बसत नसाल तर 'समुपदेशक' लिहा आणि पुढे पदवी जशी आहे तशी: एम.ए. मानसशास्त्र, पीजी डिप्लोमा समुपदेशन, एमएसडब्ल्यू. पीएच.डी. असेल तर 'डॉ.' लावायचा हक्क तुमचा, पण पुढे विषय लिहा. आपल्याकडे 'डॉ.' वाचलं की माणूस जुन्या गोळ्यांची चिठ्ठी खिशातून काढूनच खुर्चीत बसतो.

आता 'थेरपिस्ट', 'हीलर', 'लाइफ कोच'. या शब्दांना कायद्याचं कुंपण नाही, म्हणून हरमल ते हणजुणे किनारपट्टीवर दर हंगामात नव्या पाट्या लागतात. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, हात पुढे करून बाईला संमोहित करणारा. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आपला हा माणूस पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग दाखवायचा, आणि परवान्यापेक्षा टवाळीचाच त्याला जास्त त्रास झाला असावा. आज तुम्ही संमोहन वापरत असाल तर ते कुठे शिकलात, कशासाठी वापरता आणि त्यानं काय बरं होतं असा तुमचा दावा आहे, हे कागदावर पाहिजे. 'नैराश्य सात बैठकांत मुळासकट' अशी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी ठरू शकते. फी घेऊन दिलेलं समुपदेशन ही 'सेवा' आहे आणि तिच्यातल्या कसुरीबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं.

नोंदणीची तीन दारं

पहिलं दार आरसीआय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुनर्वसन समुपदेशक अशा काही पात्रतांसाठीच ते उघडतं. अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी ती संस्था त्या वर्षी आरसीआयच्या यादीत आहे का, ते स्वतः बघा. माहितीपत्रकावर विसंबू नका. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. बंद होत चाललं आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना यूजीसीनं २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ दिली होती. तेव्हा आता कुणी 'एम.फिल.ला बसवतो' म्हणत पैसे मागत असेल तर आधी यूजीसीचं पत्र मागा.

दुसरं दार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं. २०१७ च्या कायद्याचं ५५ वं कलम या प्राधिकरणाला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंद करायला सांगतं. मानसोपचारतज्ज्ञ आणि आयुर्वेद, होमिओपॅथीसारख्या शाखांतले काही पदव्युत्तर सोडले, तर अशी नोंद असलेलाच कायद्याच्या भाषेत 'मानसिक आरोग्य व्यावसायिक'. साधा समुपदेशक या यादीत नाही. त्यामुळे हा शब्द आपल्या कार्डावर, लेटरहेडवर, इन्स्टाग्रामवर लिहायचा नाही. मी सुरुवातीला लिहिला होता. कार्डं दोनशे छापून झाली होती. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी लिहून संपवली.

तिसरं दार सगळ्यांत नवं आणि आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा. त्याच्या परिशिष्टात 'वर्तन आरोग्य विज्ञान' असा एक गट आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ येतात (आरसीआयकडच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांना वगळून), वर्तन विश्लेषक येतात, एकात्मिक वर्तन आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्ते, मानसिक आरोग्य साहाय्यकही येतात. म्हणजे आजवर 'कुणाचेच नाही' असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना इथे पहिल्यांदा घर मिळतं. कायदा तासही मोजतो: 'आरोग्यसेवा व्यावसायिक' होण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३६०० तासांचं शिक्षण, 'संलग्न' साठी दोन ते चार वर्षांत किमान २००० तासांचं. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर व्यवसाय उभा करणाऱ्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

या तिसऱ्या दारातली नोंदणी राज्य परिषदेमार्फत व्हायची आहे. तोवर तीन गोष्टी एका फायलीत जमवा: सगळ्या गुणपत्रिका, प्रात्यक्षिक आणि देखरेखीखालच्या तासांचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र, आणि आजवरच्या कामाचे पुरावे (नेमणूकपत्रं, पावत्या). देखरेखीचे तास मागाहून कुणी लिहून देत नाही. गाईड निवृत्त होतात, संस्था नावं बदलतात. आजच मागून घ्या. आणि राज्य परिषदेचं काम कुठवर आलं, हे कांपालच्या आरोग्य संचालनालयात अधूनमधून विचारत राहा.

कुणी म्हणेल, मग गोव्यात 'संगत'नं गावातल्या पदवीधर बायकांना शिकवून समुपदेशन करून घेतलं ते कसं? घेतलंच. १९९६ पासून ही संस्था गोव्यात काम करते. तिचा 'मानस' प्रयोग १२ सरकारी आरोग्यकेंद्रं आणि १२ खाजगी दवाखान्यांत झाला, आणि २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण तिथल्या लोकांना ठरावीक पद्धत शिकवलेली होती, वर देखरेख होती, गरज पडली तर मागे डॉक्टर होता, आणि कुणी स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवलं नव्हतं. ते जाळं नसताना नुसतं 'गावातलीच बाई शिकवते ना' असं म्हणून खोली उघडणं वेगळं.

जागा

इथे फार वेळ घालवत नाही. पंचायत किंवा पालिकेचा व्यवसाय परवाना लागतो; घर राहण्यासाठी नोंदलेलं असेल तर घरमालकाचा ना-हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती सचिव मागतोच. दुकानं व आस्थापनांच्या १९७३ च्या कायद्याखालची नोंद कामगार खात्याकडे. राज्याचा २०१९ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपल्या खोलीला लागू होतो का, हे संचालनालयाला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी 'गरज ना गो' यावर राहू नका.

एक गोष्ट मात्र ठसठशीत. मानसिक आरोग्य कायद्यात 'मानसिक आरोग्य आस्थापना' म्हणजे जिथे मानसिक आजार असलेली माणसं दाखल होऊन राहतात किंवा ठेवली जातात ती जागा. तासाभराच्या भेटीची खोली त्यात येत नाही. पण मागच्या खोलीत एक खाट टाकून 'दोन दिवस इथेच राहू द्या तिला' म्हटलंत की गणित बदलतं. नोंदणीशिवाय अशी आस्थापना चालवल्यास पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा ५० हजार ते २ लाख, त्यापुढे २ ते ५ लाख. व्यसनमुक्तीच्या नावाखाली बंगला भाड्यानं घेणाऱ्यांनी हे वाचावंच, कारण कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात.

संमतीपत्र: पहिल्या भेटीची पहिली दहा मिनिटं

इथे मात्र रेंगाळायचं. माझं संमतीपत्र दीड पानाचं आहे, मराठीत, मोठ्या टाइपात. फोंड्याला माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक मराठी वाचतात, काही रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, काही फक्त इंग्लिश, आणि काहींना चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून मी ते वाचून दाखवते. सत्तरी तालुक्यातल्या एका वयस्क माणसानं सही करायच्या आधी पेन हातात धरून विचारलं होतं, "हा कागद तलाठ्याकडे जाणार का?" तेव्हापासून 'हा कागद या खोलीतल्या कपाटात राहतो, दुसरीकडे कुठे जातो ते खाली लिहिलं आहे' हे पहिलंच वाक्य आहे.

त्याखाली मी हे लिहिते: माझी पदवी आणि मी डॉक्टर नाही, औषध देत नाही आणि चालू असलेलं बंद करायला सांगत नाही. हे शेवटचं कंसात टाकू नका. मानसिक आरोग्य कायद्याचं १०६ वं कलम व्यावसायिकांना आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला मनाई करतं. जिथे नोंदलेल्या माणसाला मनाई आहे तिथे आपण 'ती गोळी अर्धी करून बघा' म्हणणं म्हणजे विस्तवाशी खेळ. मग फी आणि रद्द करण्याचा नियम. मग नोंदी कशा ठेवते, किती वर्षं, कुणाला दिसतात. मग गुपिताचे अपवाद, एकेका ओळीत. मग माझं काम कोण तपासतं: महिन्यातून एकदा मी नाव-गाव काढून एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी केस बोलते, हे त्यांना आधी माहीत हवं. शेवटी तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, त्यांनी स्वतः दिलेलं नाव.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकाची सही लागते. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मूल करार करू शकत नाही. पण मी मुलाचीही सही घेते, वेगळ्या, अर्ध्या पानाच्या सोप्या कागदावर. कायदेशीर किंमत शून्य. पण सही करताना सातवीतला मुलगा ताठ बसतो.

गुपित किती, आणि कुणापासून

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ व्या कलमात आहे आणि तो उपचार करणाऱ्या सगळ्या आरोग्य व्यावसायिकांना बांधतो. अपवाद थोडे आणि नेमके: नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या बाबतीत रुग्णाच्या वतीनं बघणाऱ्या माणसाला) त्याचं काम करता येण्यापुरतं सांगणं, उपचारासाठी दुसऱ्या व्यावसायिकाला सांगणं, दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून, तेही तेवढ्यापुरतंच, जीव धोक्यात असेल तेव्हा, मानसिक आरोग्य आढावा मंडळ, प्राधिकरण, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय वगैरेंचा आदेश, आणि सार्वजनिक सुरक्षितता. २४ वं कलम संमतीशिवाय फोटो वा माहिती प्रसारमाध्यमांना द्यायला मनाई करतं. 'माझ्या एका क्लायंटची गोष्ट' म्हणून रील टाकणाऱ्यांनी गावाचं नाव बदलून भागत नाही. गोव्यात तर अजिबात नाही. इथे 'म्हार्दोळचा एक बँकवाला' म्हटलं तरी तीन जण ओळखतात.

साध्या समुपदेशकाला हे कलम थेट लागत नसलं तरी तुमच्या संमतीपत्रानं तुम्ही तेच वचन दिलेलं असतं, आणि ग्राहक आयोग ते वाचू शकतो.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेला मुद्दा. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं पुरावा कायद्यानं संरक्षित आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. समुपदेशक आणि क्लायंटमधल्या बोलण्याला तसं कवच नाही. घटस्फोटाच्या किंवा मुलांच्या ताब्याच्या दाव्यात न्यायालयानं समन्स काढलं तर 'ते गोपनीय आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही. म्हणून:

पोलीस किंवा वकील फोनवर विचारत असेल तर 'ती व्यक्ती माझ्याकडे येते की नाही हेही मी सांगू शकत नाही, लेखी द्या' हे वाक्य पाठ करून ठेवा. फोनवर विचारणारा सासरचाच कुणी असू शकतो. लेखी आदेश आला (पोलीस स्थानकाचा प्रमुख किंवा न्यायालय कागदपत्रं मागवू शकतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४) तर तो कुणी, कोणत्या प्रकरणात, नेमकं काय मागत काढला आहे ते वाचा. क्लायंटला कळवा. वकिलाला दाखवा. मागितलं तेवढंच, न्यायालयाला बंद पाकिटात, पोच घेऊन. फाईल नष्ट करणं किंवा मागाहून ओळी खोडणं, हा विचारही मनात आणू नका.

नोंदी लिहितानाच न्यायाधीशांच्या टेबलावर त्या उघडतील असं समजून लिहा. 'नवरा संशयी आणि क्रूर' असं न लिहिता 'क्लायंटच्या म्हणण्याप्रमाणे पतीनं दोन वेळा फोन तपासला' असं. शिवाय २०१७ च्या कायद्याचं २५ वं कलम रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देतं. तेव्हा क्लायंटलाही वाचता येईल अशी भाषा असू द्या.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षी एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस जायचे. नोंदवही शाळेच्याच कपाटात, किल्ली कार्यालयात. एका सोमवारी शिक्षकांच्या खोलीत शिरले तर दोघी जणी एका मुलीबद्दल बोलत होत्या, आणि शब्द माझे होते, माझ्या वहीतले, जसेच्या तसे. मुलगी पुन्हा माझ्याकडे आली नाही. तेव्हापासून शाळेच्या वहीत तारीख, वर्ग आणि एक क्रमांक एवढंच. बाकीचं माझ्या कुलपात.

मुलं: पोक्सो आणि गोव्याचा स्वतःचा कायदा

२०१२ चा पोक्सो कायदा इथे सगळ्या गुपितांवरून जातो. १९ वं कलम म्हणतं, अठराखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे किंवा होण्याची भीती वाटते, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. 'ज्याला' म्हणजे कुणालाही. समुपदेशकाला सूट नाही. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं कळवणाऱ्याला दिवाणी-फौजदारी संरक्षण १९ व्या कलमातच आहे.

कसं करायचं? मुलानं सांगायला सुरुवात केली की प्रश्नांची सरबत्ती नको. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, कोंकणीत तर कोंकणीत. 'मी हे कुणालाच सांगणार नाही' असं वचन आधीच्या दहा मिनिटांत दिलं नसेल तर तुमचं काम निम्मं सोपं. मग मुलाला सांगा की आता पुढे काय होणार आहे. पालक स्वतःच संशयित असेल तर पालकाला आधी सांगू नका. लेखी कळवा, नोंद क्रमांक घ्या. १०९८ वर चाइल्ड हेल्पलाइन आहे. २३ वं कलम माध्यमांत मुलाची ओळख उघड करायला बंदी घालतं.

सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा-एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मर्जीनं चाललेलं प्रकरण, हे आपल्या खोलीत वरचेवर येतं. कायदा इथे मर्जी बघत नाही. मला हे पटत नाही, आणि अनेक न्यायाधीशांनीही त्यावर चिंता व्यक्त केली आहे. पण कळवण्याची सक्ती तशीच आहे. म्हणूनच संमतीपत्रातली ती ओळ मुलांना आधी वाचून दाखवायची, ऐकल्यावर काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. मोठ्या वयात लहानपणचं सांगणाऱ्यांच्या बाबतीत तारीख बघा: पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही.

पोक्सोच्या नऊ वर्षं आधी गोव्यानं स्वतःचा बाल कायदा केला होता, २००३ चा. बाहेरून शिकून आलेल्या समुपदेशकांना तो ठाऊकच नसतो. त्यातली बाल अत्याचाराची व्याख्या लैंगिक किंवा शारीरिक छळापुरती थांबत नाही. मानसिक छळ, दुर्लक्ष, आणि मुलाची माणूस म्हणून किंमत कमी करणारं कृत्य किंवा शब्दसुद्धा तिच्यात येतात. पणजीच्या बाल न्यायालयात हे खटले चालतात. वर्गात रोज 'म्हशी' म्हणून हाक मारणाऱ्या शिक्षकाबद्दल मूल सांगू लागलं, तर ते 'शाळेतली किरकोळ बाब' म्हणून टिपून ठेवण्याआधी ही व्याख्या एकदा वाचा.

आणि आया. भाजीची पिशवी दारातच ठेवून, चप्पल न काढता उभी राहणारी आई: "काय बोलली ती, तेवढं सांगा, मी तिला काही म्हणणार नाही." अज्ञान मुलाचा नामनिर्देशित प्रतिनिधी कायद्यानं पालकच, तेव्हा 'तुम्हाला हक्कच नाही' असं म्हणणं चूक. मी पहिल्याच भेटीत तिघांसमोर ठरवते: जीवाचा, अत्याचाराचा आणि शाळा सुटण्याचा धोका असेल तर आईला कळेल, बाकी काय सांगायचं ते मुलगी ठरवेल, आणि मी तिला सांगायला मदत करेन. बहुतेक आया हे मान्य करतात, चप्पल काढून बसतातही.

जिवावर उठलेला माणूस

जुन्या दंड संहितेचं ३०९ वं कलम, आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारं, आता नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनं ते सोडून दिलं. लोकसेवकाला काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ व्या कलमात गुन्हा राहिला. त्याआधीच २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि त्याची काळजी घेण्याचं काम सरकारवर टाकलं. घरचे लोक आजही 'पोलीस केस होईल' या भीतीनं इस्पितळात नेत नाहीत. हे त्यांना तिथल्या तिथे सांगा.

आपलं काम: थेट विचारा, साधन कुठे आहे ते विचारा (कीटकनाशकाची बाटली बागायतीच्या खोपीत असते), ते हलवायला घरच्यांना लावा, एकट्याला सोडू नका आणि बांबोळीच्या आयपीएचबीकडे, म्हणजे मनोविकार व मानवी वर्तन संस्थेकडे, पाठवा. चिठ्ठी लिहून द्या, तिची प्रत ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. पाटीवरच्या त्या उरलेल्या जागेत मी शेवटी तोच घालून घेतला. रंगाऱ्याला वाटलं, माझ्याच मोबाइलचे आकडे कमी पडले.

शाळा-कॉलेजातली नोकरी

२५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेनं मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा किंवा जोडून घ्यायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या व्यावसायिकांशी रीतसर संबंध ठेवायचा. शिक्षक-कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा. कोचिंग क्लासही यात आले.

गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांत समुपदेशक जात आहेतच. तुम्ही थेट शाळेशी करार करत असाल तर चार गोष्टी लेखी घ्या: दार बंद होणारी खोली, नोंदींची किल्ली कुणाकडे, 'अभ्यासात ढ मुलांची यादी द्या' अशी मागणी मान्य नाही, आणि ऑफ पिरियडला वर्ग सांभाळायला पाठवणार नाही. चौथी गोष्ट मुख्याध्यापक हसण्यावारी नेतात. पहिल्याच आठवड्यात खडू हातात येतो.

ऑनलाइन आणि डेटा

दुबई, लंडन, लिस्बनला गेलेल्या गोवेकरांमुळे आपल्याकडे व्हिडिओवरच्या भेटी पुष्कळ. २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं डॉक्टरांसाठी आहेत, पण त्यांतला क्रम आपणही घ्यावा: ओळख पटवा, आत्ता कुठल्या पत्त्यावर बसला आहात ते विचारा, जवळच्या माणसाचा नंबर घ्या. क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर तिथला परवान्याचा कायदा लागू शकतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर सवय लावून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे लांबलचक निरोप हाही डेटाच. मी फोनवर फक्त वेळ ठरवते, बाकी 'भेटल्यावर बोलू'. फोन दुरुस्तीला देण्याआधी काय काय पुसायचं, याची यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे.

पैसे

पावती द्या, 'समुपदेशन शुल्क' असंच लिहा. 'डॉक्टर फी' लिहून मागणारे येतात, विम्यात बसवायला. २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आहे, पण विमा कंपनी पावतीवर नोंदणी क्रमांक बघते, आणि नसलेला क्रमांक आपण देऊ शकत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीसाठी हिशेबनीसाला भेटा. आरोग्य सेवेची सूट आपल्याला बसते की नाही हे पात्रतेवर ठरतं, त्यानं परस्पर 'एक्झेम्प्ट' लिहू नये. माझी उलाढाल अजून त्या प्रश्नापर्यंत पोचलेली नाही. घरमालकानं मात्र यंदा भाडं वाढवलं. म्हणाला, पाटी चांगली दिसते.